चावीचा एचएमव्ही १०२ आणि १९२८ चा आर्मस्ट्राँग

मुंबईच्या चोरबाजारातून दीड वर्षापूर्वी १६ हजार रुपयांना घेतलेला एचएमव्ही १०२ हा चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन मी बहुतेक दर रविवारी वाजवतो. तो मुख्यतः जुन्या जॅझ रेकॉर्डांसाठीच घेतला असल्यामुळे हे परीक्षणही त्याच कानाने लिहिले आहे. नाट्यगीते ऐकणाऱ्यांचे मत कदाचित निराळे पडेल.

हे मॉडेल १९३१ साली बाजारात आले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिले, त्यामुळे ते आजही सापडते आणि त्याचे सुटे भागही मिळतात. बंद असताना ही काळी, चौकोनी पेटी एखाद्या प्रवासी बॅगेसारखी दिसते. ती उचलून जिना चढता येतो, पण वाटेत हात बदलावा लागतो. चावीचा दांडा आतच खटक्यात बसतो आणि कोपऱ्यातली सुयांची लहान डबी बोटाने ढकलली की बाहेर वळते. कर्णा पेटीच्या आत दुमडलेला आहे. मागच्या बाजूने निघालेला आवाज उघड्या झाकणावर आपटून समोर येतो. चकचकीत पितळी कर्णा आणि त्यावर कुत्र्याचे चित्र लावलेली जी ‘अँटिक’ यंत्रे सर्रास विकली जातात, त्यांतली बरीच अलीकडे जुळवलेली असतात. ती दिवाणखान्यात शोभतात, पण रेकॉर्डवर दया असेल तर त्यांच्यापासून दूर राहावे.

विक्रेत्याने ‘सर्व्हिस केलेला आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात साउंडबॉक्समधल्या, म्हणजे सुईच्या कंपाचा आवाज करणाऱ्या डबीतल्या, पडद्याभोवतीची रबरी कडी दगडासारखी कडक झाली होती, आणि ट्रम्पेट वर चढला की पत्र्यावर खडे पडावेत तशी थरथर ऐकू येई. स्प्रिंगचे ग्रीसही वाळले होते, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिनिटात वेग मंदावून अख्खा बँड हळूहळू खालच्या स्वरात उतरत असे. दुरुस्तीला आणखी साडेतीन हजार रुपये लागले. घेताना विक्रेत्याने लावून दिलेल्या पहिल्या दहा सेकंदांवर भाळू नये, रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजवायला लावावी. वेग तपासायचा असेल तर रेकॉर्डखाली कागदाचा एक कपटा सरकवून घड्याळ लावून फेरे मोजावेत. मिनिटाला ७८ भरले पाहिजेत.

आता आवाजाविषयी. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडने २८ जून १९२८ रोजी शिकागोत ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची पार्लोफोन कंपनीने काढलेली प्रत माझ्याकडे आहे. सुरुवातीला साथीशिवाय वाजणारा एकटा ट्रम्पेट मी फोनवर आणि चांगल्या स्पीकरवर शेकडो वेळा ऐकला असेन, पण या पेटीतून तो निघाला तेव्हा शेजारच्या खोलीत कोणीतरी उभे राहून वाजवते आहे असे वाटले. ट्रॉम्बोनच्या मागे झटी सिंगलटनच्या हातातल्या लहान झांजांची टकटक स्पष्ट ऐकू येते, आणि शेवटाकडे आर्मस्ट्राँग चार आवर्तने एकच वरचा स्वर धरून ठेवतो तेव्हा पेटीवर ठेवलेल्या तळहाताला त्याचा कंप जाणवतो. अर्ल हाइन्सचा पियानो मात्र किंचित पत्र्यासारखा वाजतो, आणि खालचे स्वर मुळातच कमी आहेत. इतक्या लहान कर्ण्याकडून त्याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हे.

१९२५ पासून मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होऊ लागले, आणि हे यंत्र त्याच पद्धतीच्या रेकॉर्डांसाठी घडवलेले आहे. त्याआधी वादक थेट ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. १९२३ साली इंडियानातल्या रिचमंड येथे गेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरच्या बँडचे मुद्रण झाले, तेव्हा त्यातल्या तरुण आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच वाद्य) इतरांना झाकून टाकत असल्यामुळे त्याला कर्ण्यापासून दूर उभे केले होते. तशा रेकॉर्डी १०२ वर बारीक आणि नाकातून आल्यासारख्या वाजतात. सगळी हौस १९२५ पूर्वीच्या जॅझची असेल, तर हे यंत्र घेऊ नये.

खर्चाची खरी बाब सुई आहे. लाखेच्या रेकॉर्डीत घातलेली खरखरीत भुकटी पोलादी सुईला पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची करते. तीच झिजलेली सुई पुढच्या बाजूला लावली तर ती खाच खरवडते. म्हणून दर बाजूला, म्हणजे साधारण तीन मिनिटांनी, नवी सुई. आवाज कमी-जास्त करण्याचे बटणही नाही. त्यासाठी जाड किंवा बारीक सुई निवडायची. बारीक सुईने शेजाऱ्यांची तक्रार आणि रेकॉर्डीची झीज दोन्ही कमी होतात. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली मऊ प्लास्टिकची रेकॉर्ड, मात्र यावर चुकूनही ठेवू नये, एका फेरीत तिचा निकाल लागेल.

आपल्याकडच्या जॅझ रेकॉर्डी यावर फार छान वाजतात, हे मला अपेक्षित नव्हते. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे कोलकात्यात कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्डी करत होता. त्याची एक प्रत मला जुन्या बाजारात हिंदी चित्रपटगीतांच्या गठ्ठ्यात ५० रुपयांना मिळाली, आणि पियानोच्या बाबतीत ती माझ्या आर्मस्ट्राँगपेक्षा सरस वाजते.

दुरुस्तीसकट साडेएकोणीस हजारांत १९२६ ते १९४५ च्या जॅझसाठी याहून चांगले यंत्र मला दिसलेले नाही. किंग ऑलिव्हरची माझ्याकडची एकुलती एक रेकॉर्ड मात्र मी यावर दोनदा वाजवून पाकिटात ठेवून दिली आहे, आणि बाहेर कर्णा असलेले अस्सल जुने यंत्र घरात येईपर्यंत ती तिथेच राहील.