पक्ष्यांचा फीडर घेतला, चालवतात खारी (सांगलीतून रिव्ह्यू)

ज्यांना पाखरं बघायचीत त्यांनी हा फीडर घेऊ नका, ज्यांना खारींचे उद्योग बघायचेत त्यांनी डोळे झाकून घ्या. झाला रिव्ह्यू. वेळ असेल तर पुढं वाचा.

वस्तू म्हणजे ऑनलाइन सगळीकडं मिळतो तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या उभ्या नळीचा फीडर, बाजूला चार भोकं, पाखरांना बसायला काड्या, खाली ताटली, वर हिरवं झाकण आणि टांगायला हूक-दोरी. पाचशेच्या आत येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तोच माल दहा नावांनी विकायला आहे. बॉक्सवर पोपटाचा फोटो आणि मोठ्या अक्षरात दावा की खारींना यातलं खाता येणार नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं खार कधी लांबूनसुद्धा बघितली नसणार.

आमचं घर विश्रामबागला, मागं छोटं परस, त्यात पेरू, कढीपत्ता, जास्वंद, आणि शेजारच्यांचा नारळ निम्मा आमच्यातच झुकलेला. पेरूच्या फांदीला फीडर टांगला, बाजरी आणि तांदळाची कणी भरली, आणि चिमण्या येतील म्हणून आम्ही सगळे खिडकीत. आली कोण तर खार. पहिली फेरी नुसती पाहणीची, फांदीवरनं पुढं यायचं, शेपटी झटकायची, परत पळायचं, परत यायचं. मग दोरीवरनं सरळ डोकं खाली करून उतरली, मागच्या पायांची नखं झाकणाच्या कडेला अडकवली आणि उलटी लोंबकळत तोंड थेट भोकात. खारीचे मागचे पाय घोट्यातनं उलटे वळतात म्हणून तिला हे जमतं, झाडावरनंसुद्धा ती अशीच उतरते. मजा पुढं आहे. तिच्या वजनानं फीडर गरागरा फिरायला लागला, खार त्याच्यासोबत फिरतीय, पण तोंडातला दाणा सोडायला तयार नाही! आमच्या सासूबाई एवढ्या हसल्या की हातातली भाजीची पाटी खाली ठेवावी लागली. आता रोज सकाळी हाक येते, "अगं ये लवकर, तुझी माणसं आली बघ."

आता टिकाऊपणाचं. प्लॅस्टिक पातळ आहे. खार ही उंदरांच्या जातकुळीतली, पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला कुरतडावंच लागतं, त्यात तिची चूक नाही. थोड्याच दिवसात बसायच्या काड्या गायब, मग भोकांच्या कडा कुरतडून भोकं एवढी मोठी केली की बाजरी आपोआप खाली सांडायला लागली. गंमत म्हणजे यामुळंच पाखरं आली, म्हणजे वर खारी आणि खाली जमिनीवर चिमण्या, होले, साळुंक्या सांडलेलं वेचायला. बुलबुल मात्र कुंपणावर बसून नुसता आरडाओरडा करतो. म्हणजे फीडरनं पाखरांना खायला घातलं नाही असंही म्हणता येत नाही, मधे फक्त एक दलाल आला.

काय भरायचं हे बऱ्याच जणांनी विचारलं. कच्चे शेंगदाणे बेस्ट, टरफलासकट शेंग दिली तर बघायला अजून मजा. पुढच्या दोन पंजांत शेंग धरणार, गोल फिरवत फिरवत एक टोक फोडणार, टरफलाचा तुकडा बाजूला टाकणार, आतला दाणा काढून त्याचं लाल सालसुद्धा सोलणार आणि मगच खाणार, आणि हे सगळं मागच्या पायांवर उभं राहून, आजूबाजूला लक्ष ठेवत. आमच्या पोरानं एकदा भडंग टाकायचा घाट घातला होता, सांगलीचं पोरगं शेवटी, पण नको, मीठ-तिखट-तेलाचं काहीच देऊ नका, खारे दाणेपण नाही. बेदाणे देऊन बघितले, म्हटलं इथल्या बेदाण्याला जीआय टॅग आहे, तर बाईसाहेबांनी वास घेतला आणि शेंगदाण्याकडं गेल्या.

नुकसानीचीपण तयारी ठेवा. एकदा सवय लागली की खार फीडरपुरती थांबत नाही. पेरू अर्धा खाऊन टाकून देणार आणि दुसरा धरणार. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे घातले होते त्यातला एक तोंडात धरून पाण्याच्या टाकीमागं पळाली आणि सासूबाईंचं हसणं तेवढ्यापुरतं बंद झालं. दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याचे धागे ओढून नेते, घरट्यासाठी. यावर उपाय सोपा, नारळाच्या शेंड्या फांदीला बांधून ठेवा, पायपुसणं वाचतं.

मांजर असेल तर भिंतीपासून लांब टांगा. आमच्याकडं एक बोका फिरतो, तो दिसला की खार वरच्या फांदीवर जाऊन चिक् चिक् चिक् सुरू करते, प्रत्येक आवाजाला शेपटीचा झटका, आणि बोका निघून गेला तरी हिचं भाषण चालूच. दुपारच्या झोपेची वाट लागते.

पोरानं पाठीवरचे पट्टे मोजायला घेतले होते, आमच्या तीनपट्टीवाल्या निघाल्या, पाच पट्ट्यांचीपण एक जात आपल्या देशात आहे. आजीनं लगेच रामाच्या बोटांची आणि सेतूची गोष्ट सांगितली, मग पोराचा प्रश्न, पाचवालीवर रामानं अख्खा पंजा फिरवला का? आजीकडं उत्तर नव्हतं. आणि एक, काही जण खारीच्या फोटोखाली 'शेकरू' लिहितात. शेकरू वेगळं, ती मोठी खार, आपला राज्यप्राणी, तिच्यासाठी चांदोली नाहीतर कोयनेच्या जंगलात जावं लागेल, पाचशेच्या फीडरवर ती येत नसते.

पावसाळ्यात हा फीडर बेकार. झाकणातनं पाणी झिरपतं, तळाला दाण्यांचा लगदा होतो आणि बुरशी धरते. बुरशी आलेलं टाकूनच द्या, धुऊन कडकडीत वाळल्याशिवाय परत भरू नका. तळ फिरकीचा आहे, निघतो, पण कोपऱ्यात अडकलेलं काढायला जुना टूथब्रश लागतो. उन्हानं प्लॅस्टिक पांढरट पडलंय, आत किती दाणे राहिलेत ते आता दिसत नाही.

तर पक्ष्यांचा फीडर म्हणून दोन स्टार, खारींसाठी साडेचार. नुसतं खायलाच घालायचं असेल तर कुंभाराकडची मातीची परळ आणा, स्वस्तात काम होतं, धुवायला सोपी आणि कुरतडली जात नाही, पण त्यात ते उलटं लोंबकळणं आणि गरागरा फिरणं नाही, आणि आम्हाला तेच पाहिजे होतं. डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग ठीक. सोबत आलेली नायलॉनची दोरी तेवढी लगेच काढा आणि लोखंडी तार लावा, नाहीतर खार ती दोरीच कुरतडते आणि फीडर दाण्यांसकट खाली.