मॉरिशस आणि फिजी: उसाची दोन बेटं, दोन तऱ्हेचे कारभार

दोन्हीकडे ब्रिटिशांनी उसासाठी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, नेले, दोन्हीकडे संसद आली. पुढे वाटा फुटल्या. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये फारसा गाजावाजा न करता प्रजासत्ताक. तिथे ६२ खासदार थेट निवडून येतात. एखाद्या समाजाला संसदेत कमी जागा मिळाल्या, तर हरलेल्यांतल्या सरस उमेदवारांना आणखी आठपर्यंत जागा मिळतात. धर्म-वंशाचा हिशेब उघडउघड!

फिजीत १९८७ मध्येच दोन लष्करी बंडं, मग २००० मध्ये नागरी बंड आणि २००६ मध्ये पुन्हा लष्करी. पहिली दोन करणारे लष्करी अधिकारी राबुका २०२२ मध्ये निवडणुकीनंतर पुन्हा पंतप्रधान झाले. २०१३ च्या घटनेनं वंशवार राखीव जागा काढून टाकल्या. अख्खा देश एकच मतदारसंघ. कागदावर हे देखणं, पण मला मॉरिशस उजवा वाटतो. तिथे खडी फौजच नाही.