बंद झालेलं मॉडेल घेताना आम्हाला मीटर फिरवलेली गाडी विकली गेली

फोर्डची इकोस्पोर्ट स्वस्त का मिळते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. कंपनी गेली म्हणून. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून या गाड्यांचे जुन्या बाजारातले भाव खाली आले. या तयार कारणाआड लपवून आम्हाला जवळपास नव्वद हजार किलोमीटर मागे फिरवलेली गाडी विकण्यात आली. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर या भागात अशी गाडी शोधणारे पुष्कळ जण मला माहीत आहेत. चार मीटरच्या आतली, उंच, शिवाररस्त्यावर खाली न घासणारी डिझेल गाडी चार-साडेचार लाखांत दुसरी कुठली मिळते? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तपासणीला सारखं नाशिकला जावं लागायचं आणि छोट्या गाडीत त्यांना वाकून बसता येईना. कपाशीचे पैसे हातात आले तेव्हा मी आणि धाकट्या भावाने मिळून गाडी घ्यायचं ठरवलं. महामार्गालगतच्या एका कार बाजाराची जाहिरात भाच्याच्या मोबाइलवर आली होती: ‘इकोस्पोर्ट डिझेल, २०१६, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, ६८ हजार रनिंग’. त्या बाजाराचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

माणूस बोलायला गोड. आम्ही अहिराणी बोलतो म्हटल्यावर तोही अहिराणीत सुरू झाला. “भाऊ, टेन्शन नका लेऊ, आपली घरनी गाडी शे.” आम्ही पहिला प्रश्न केला तो पार्टचा. कुणीही तोच करतो. त्याने टेबलाखालून एक खोकं ओढून पुढ्यात ठेवलं. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, आरशाची काच, सगळं फोर्डचं, सगळं पॅकबंद. “कंपनी गेली, पण पार्टचा धंदा कुठे गेलाय? जळगावला आज सांगितलं तर उद्या सकाळच्या गाडीने येतं.” यावर तास गेला. सर्व्हिस कुठे होते, बंपर केवढ्याला पडतो, पुढे विकताना किती येतील, तो एकेक गोष्ट सांगत होता. आम्ही ‘बंद मॉडेल आहे’ म्हणत भाव पाडत होतो आणि तोही तेच म्हणत खाली येत होता. चार लाख साठ हजारांवरून चार लाख पंधरावर सौदा ठरला.

त्या तासाभरात तो खोटं फारसं बोललाच नाही. पार्ट खरंच मिळतात. या गाडीचं दीड लिटरचं डिझेल इंजिन कंपनीने फिगो, अस्पायर, फ्रीस्टाइललाही दिलं होतं. त्या गाड्या अजून मुबलक फिरतायत, त्यामुळे इंजिनचा माल बाजारात आहे. दरवाजा, हेडलाइट, डिकीची काच अशा बॉडीच्या मालाला वेळ लागतो, पण तोही येतो. म्हणजे ज्या प्रश्नाची आम्हाला धास्ती होती त्याचं उत्तर त्याच्याकडे पक्कं होतं, आणि तो आमचं बोलणं सारखं त्याच प्रश्नाकडे नेत होता. चालू मॉडेल, समजा ब्रेझा, कुणी पन्नास-साठ हजारांनी स्वस्त देऊ लागला तर आपण लगेच विचारतो, का रे बाबा, ठोकलेली आहे का? बंद मॉडेलला हा प्रश्न कुणी विचारत नाही. कमी भावाचं कारण आधीच आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

आम्ही आमचा मिस्त्री सोबत नेला होता. त्याने बॉनेट उघडलं, धूर पाहिला, खाली वाकून चेसीस पाहिली, गाडी चालवली. इंजिन शांत, पिकअप चांगला. टायमिंग बेल्टचं त्यानेच विचारलं. शेठने मीटर दाखवलं, ६८ हजार चारशे. “अजून पुष्कळ वेळ आहे,” मिस्त्री म्हणाला. त्या आकड्यावर विसंबून कुठलाही कारागीर हेच म्हणाला असता.

बेल्ट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनमध्ये पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्या तालावर वॉल्व्ह उघडतात, मिटतात. हा ताल एका दातेरी पट्ट्याने राखलेला असतो. पट्टा रबराचा असतो, म्हणून ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, तो बदलावाच लागतो. गाडीच्या पुस्तिकेत तो आकडा असतो. न बदलता तुटला तर वॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन त्यांच्यावर आदळतो. म्हणूनच मीटर फिरवणं ही काही हजार रुपयांची लबाडी राहत नाही. पुढच्या मालकाला पट्टा केव्हा बदलायचा हे सांगणारा मुख्य आकडाच त्याच्यापासून चोरला जातो.

आमचा पट्टा काही महिन्यांनी पारोळा आणि एरंडोलच्या मधे तुटला. महामार्गावर, मागे ट्रक, आप्पा पुढच्या सीटवर. इंजिन एका क्षणात गेलं, स्टेअरिंग जड झालं. भावाने दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घेतली. मागचा ट्रकवाला सावध होता म्हणून निभावलं. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. पैसे गेले तर कमावता येतात, पण गाडी अशी बंद पडू शकते हे विकणाऱ्याला माहीत होतं. ते कसं, ते पुढे सांगतो.

टोचन लावून गाडी जळगावला नेली. हेड उघडल्यावर वॉल्व्ह वाकलेले निघाले. गॅरेजवाल्याने पट्ट्याचा तुकडा माझ्या हातात दिला. दात झिजून सपाट झालेले, पाठीवर बारीक भेगा. “भाऊ, हा अडुसष्ट हजारांचा पट्टा नाही,” तो म्हणाला. मग त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मला खाली वाकायला लावलं. ब्रेकच्या आणि क्लचच्या पेडलवरचं रबर कोरं, रेघा टोकदार, बोटाला लागतील अशा. पण ॲक्सिलरेटरखाली, जिथे उजव्या पायाची टाच टेकते, तिथे कार्पेट इतकं झिजलं होतं की खालचं जाजम दिसत होतं. त्यावर नवीन मॅट टाकलेली होती. तीच उचलून त्याने दाखवलं. पेडलचं रबर शे-दोनशे रुपयांत बदलतं, सीटला नवं कव्हर चढतं, स्टेअरिंगला कव्हर शिवून मिळतं. टाचेची जागा मात्र सहसा कुणी दुरुस्त करत नाही. गाडी बघायला जाल तेव्हा मॅट उचलाच.

दुरुस्तीला बासष्ट हजार लागले. वॉल्व्ह, गॅस्केट, पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप, सगळा माल आला. बंद मॉडेल म्हणून कुठे अडलं नाही.

डिकीतल्या सामानाच्या खणात एक जुनं सर्व्हिस बिल चुरगळून पडलं होतं, नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. त्यावर आधीच्या मालकाचा नंबर होता. फोन केला. डॉक्टर वगैरे कुणी नव्हते. खतांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करणारे गृहस्थ निघाले, नाशिक ते नंदुरबार, नंदुरबार ते रावेर अशी त्यांची रोजची धाव. ऐकून ते स्वतःच हादरले. त्यांनी सर्व्हिस सेंटरमधून गाडीची हिस्ट्री काढून दिली. शेवटची नोंद १ लाख ४९ हजारांची. आणि त्या बाजाराला गाडी देताना केलेल्या पावतीचा फोटो पाठवला. पावतीवर किलोमीटर १,५७,३२०, आणि खाली त्यांच्याच हातची ओळ: ‘टायमिंग बेल्ट बदलणे बाकी, सांगितले आहे.’ त्याखाली शेठची सही.

पावती घेऊन आम्ही बाजारात गेलो. आधी तो ओळखच दाखवेना. मग म्हणाला, मीटरचं मी काही बोललोच नव्हतो, तुम्ही मिस्त्री घेऊन आला होतात, बघून घेतलीत. त्याने आमच्याच सौदापावतीवर बोट ठेवलं. त्यात छापलेलं होतं: ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही.’ रंग, चेसीस नंबर, इंजिन नंबर, रक्कम, सगळं होतं. किलोमीटरचा रकानाच नव्हता. पक्कं बिल त्याने दिलं नव्हतं. जाहिरात त्याने पुसून टाकली होती. ती भाच्याच्या फोनमध्ये राहिली म्हणून आमच्याकडे ‘६८ हजार’ हा त्याचा स्वतःचा शब्द उरला. वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तक्रार उभी राहते ती या एका जाहिरातीवर आणि आधीच्या मालकाच्या पावतीवर. ‘जशी आहे तशी’ असं छापून घेतलं म्हणून जाणूनबुजून केलेली फसवणूक धुऊन निघत नाही, पण ती जाणूनबुजून केली हे दाखवायला कागद लागतो.

म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, सौद्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि सौदापावतीवर हाताने लिहून घ्या: ‘मीटरवरील किलोमीटर इतके, ते खरे असल्याची विक्रेत्याची हमी.’ सही करायला तो कचरला तर तिथूनच परत फिरा, भाव कितीही पाडलेला असो. आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्या माणसाशी फोनवर बोलल्याशिवाय इसार देऊ नका. ‘मालक बाहेरगावी आहे’ हे उत्तर मला आता सरळ नकारासारखं वाटतं. कंपनीने नवीन गाड्या बंद केल्या तरी अधिकृत सर्व्हिस सेंटर सुरू आहेत आणि जुन्या नोंदी तिथे मिळतात. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या सांगण्यावरून त्या काढता येतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२२’ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. २०१६ च्या, साठ-सत्तर हजार चाललेल्या गाडीला चारही टायर अगदी अलीकडचे असतील तर आधीचे कुठे गेले, हे विचारायला हवं. आमच्या गाडीचे तसेच होते.

गाडीविषयी माझं मत मात्र बदललेलं नाही. २०१३ मध्ये आलेली ही गाडी दणकट आहे, जमिनीपासून २०० मिलिमीटर उंच आहे, आप्पा तिच्यात सहज चढतात. घ्यायचीच असेल तर मॅन्युअल डिझेल बघा आणि पट्टा कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून कापून घ्या आणि गाडी घरी आणण्याआधी तो बदला, मीटर काहीही म्हणो. २०१७ च्या आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स होता, त्याच्या दुरुस्तीला आपल्या भागात कारागीर मिळणं कठीण. एक लिटरच्या टर्बो पेट्रोलचा पट्टा इंजिन ऑइलमध्येच फिरतो. कुणी चुकीचं किंवा हलकं ऑइल घातलं असेल तर तो आतून खराब होतो आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून त्या गाडीचा पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर घेऊ नये.

एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षांसाठी असतं. आम्ही ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे ते नव्हतं, हे नंतर आरटीओत विचारल्यावर कळलं. दुकानात शिरल्यावर आधी ते दाखवायला सांगा, खोकं नंतर उघडू द्या.

आम्ही पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि सुरुवातीला काय करावं हे सुचत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. नोटीस गेल्यावर शेठने मध्यस्थामार्फत पन्नास हजार देऊ केले. अट एवढीच की तक्रार मागे घ्यायची आणि कुठे वाच्यता करायची नाही. आप्पा म्हणाले, पैसे नकोत, त्याच्या बाजारात अजून गाड्या उभ्या आहेत. आम्ही नाही म्हणून कळवलं.

या भागात कुणी गेल्या वर्ष-दोन वर्षांत ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून इकोस्पोर्ट घेतली असेल तर आजच मॅट उचलून बघा, सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री काढा आणि आकडे जुळत नसतील तर पट्टा बदलल्याशिवाय हायवेला गाडी काढू नका. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. जाहिरात, पावती, पैसे दिल्याचा बँकेतला पुरावा एका जागी काढून ठेवा.