नोकरी सांभाळून अभिनय शिकायचाय: कॅमेरा ॲक्टिंगचा क्लास की नाटकाची संस्था?

नोकरी न सोडता अभिनय शिकू पाहणाऱ्यासमोर शेवटी दोनच रस्ते उरतात. शनिवार-रविवारचा कॅमेरा ॲक्टिंगचा क्लास, नाहीतर एखादी हौशी किंवा प्रायोगिक नाट्यसंस्था. मी दोन्ही केलंय. आधी सहा महिने क्लास, मग सात वर्षं संस्था. माझा कल संस्थेकडे आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करून घेता येईल.

ज्यांना दोन-तीन वर्षं पूर्ण मोकळी काढता येतात त्यांचा प्रश्नच वेगळा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रम मध्ये बरीच वर्षं बंद होता, तोही 2004 मध्ये पुन्हा सुरू झाला. यांपैकी कुठे प्रवेश मिळत असेल तर जावं. बाकीच्यांनी, म्हणजे घरी हप्ते चालू असलेल्या माझ्यासारख्यांनी, डॉ. श्रीराम लागूंची आठवण ठेवावी. कान-नाक-घशाचे सर्जन असताना ते पुण्यात पीडीएची (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी नाट्यसंस्थेची) नाटकं करत राहिले आणि 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला जाणं ही आपल्याकडची जुनी आणि खरी शाळा आहे.

आधी क्लासबद्दल, कारण त्यानं मला जे दिलं ते नाकारणं बरोबर नाही. मार्कवर, म्हणजे जमिनीवर आपल्यासाठी केलेल्या खुणेवर थांबायचं आणि खाली न बघता थांबायचं. आयलाइन, म्हणजे नजरेची दिशा, कुठे ठेवली की डोळे दिसतात, कुठे ठेवली की नुसत्या पापण्या दिसतात. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रवेश लांबून घेतात तेव्हा, कुठल्या शब्दावर कप उचलला होता हे क्लोजअपच्या वेळी लक्षात असायलाच हवं, नाहीतर एडिटिंगला दोन्ही जुळत नाहीत. सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनसाठी स्वतःच काढलेला व्हिडिओ, कशी काढायची, उजेड कुठून घ्यायचा, प्रोफाइल, म्हणजे चेहऱ्याची बाजू, किती सेकंद दाखवायचं. हे सगळं संस्थेत कुणी शिकवत नाही. सहा महिन्यांनी स्वतःचा चेहरा स्क्रीनवर बघताना मला अवघडल्यासारखं होईनासं झालं, हाही फायदाच. आपण बोलताना उगाच भुवया उडवतो हे मला तिथेच पहिल्यांदा दिसलं.

अडलं ते एका गोष्टीपाशी. माझ्या समोर कधी कुणी नसायचं.

आम्ही चोवीस जण होतो. दोन तासांचा वर्ग, त्यातली सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं व्यायामाची. मग एकेकाला कॅमेऱ्यासमोर बोलावायचे. वाट्याला तीन-चार मिनिटं यायची, पण वेळेबद्दल माझी तक्रार नाही. त्या चार मिनिटांत आपण एकटे उभे असतो. समोर स्टँडवर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या बाजूला मदतनीस मुलगा, त्याच्या हातात मोबाईल, आणि त्यातून तो समोरच्या पात्राची वाक्यं वाचून दाखवणार. ‘तू मला हे आधी का नाही सांगितलंस’ हे वाक्य तो रेल्वेच्या घोषणेच्या चालीत म्हणायचा. त्याचा दोष नव्हता. एका दुपारी त्याला ते चोवीस वेळा म्हणायचं असायचं. आणि मी त्यावर दुखावल्यासारखं बघायचो. कसं बघायचं हे घरी आरशासमोर ठरवून आलेलो असायचो. सर म्हणायचे, छान.

चौथ्या महिन्यात मी सरांना विचारलं, की आमच्या आमच्यात जोड्या लावून प्रवेश करू या का? त्यांचं उत्तर होतं, की सेटवरही असंच असतं, समोरचा नट निघून गेलेला असतो आणि क्यू, म्हणजे समोरच्याचं वाक्य, सहायक देतो, तेव्हा याचीच सवय करून घे. हे खरं आहे. पुढे मालिकेच्या सेटवर माझ्याबाबतीत अगदी तसंच झालं. पण रिकाम्या जागेकडे बघून खरं बोलता येण्यासाठी आधी जिवंत माणसाकडे बघून बोलल्याची आठवण अंगात असावी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. सहा महिन्यांत मला वीसेक स्वगतं पाठ झाली. ऐकायला मात्र मी शिकलो नाही.

संस्थेतला अनुभव पहिल्या दिवसापासून उलटा. शाळेच्या हॉलमध्ये साडेसातला तालीम, बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर खडूनं सेट आखलेला. मला भूमिका नव्हती. दोन महिने मी बाकं सरकवली, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी सांभाळली, प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की त्याला शब्द पुरवले. प्रॉम्प्टिंगला कमी लेखू नये. संहितेवर बोट ठेवून नटाच्या श्वासाकडे लक्ष द्यावं लागतं, कारण तो विसरलाय की त्यानं मुद्दाम पॉज घेतलाय हे अर्ध्या सेकंदात ओळखायचं असतं. चुकून पॉजमध्ये शब्द टाकला तर प्रवेश मोडतो. कान असे तयार होतात.

मग आईचं काम करणाऱ्या ताई आजारी पडल्या आणि दिग्दर्शकांनी मला प्रॉक्सीला, म्हणजे तालमीपुरतं त्यांच्या जागी उभं केलं. अकरा दिवस मी आई होतो. प्रवेश साधा होता. आई मेथी निवडतेय, मुलगा बाहेरून येतो, पाणी पितो आणि नोकरी सुटल्याचं सांगतो. दिग्दर्शकांचा आग्रह होता की खोटी मेथी चालणार नाही, त्यामुळे रोज कुणीतरी जुडी घेऊन यायचं. पहिले सात-आठ दिवस मी नेमक्या वाक्यावर हात थांबवायचो, सांगितलं होतं तसा. नवव्या दिवशी मुलाचं काम करणाऱ्यानं ते वाक्य पाणी पिता पिता, भांडं तोंडाशी असतानाच म्हटलं. अर्धं ऐकू आलं, अर्धं भांड्यात गेलं. नीट ऐकू यावं म्हणून मी मान वर केली आणि बघतो तर माझे हात थांबलेले. मी थांबवले नव्हते. काडी तशीच बोटांत होती. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं दिग्दर्शक एवढंच म्हणाले, ‘हे लक्षात ठेवू नका. उद्या परत करायला जाल.’

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावाचा). शाळेत आपण ते पाठ करतो. यातला चौथा म्हणजे नक्की काय, याचा थोडा अंदाज मला त्या मेथीच्या जुडीपाशी आला. कदाचित हे माझ्यापुरतंच असेल. क्लासमध्येही एखाद्याला ते सापडत असेल. पण त्यासाठी समोर माणूस हवा, आणि तो रोज यायला हवा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

संस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. भूमिका मिळेल याची खात्री नाही, वर्ष-वर्ष थांबावं लागतं. तालमी रात्री दहा-साडेदहापर्यंत चालतात आणि प्रयोग जवळ आला की बाराही वाजतात. घरच्यांची साथ नसेल तर हे निभत नाही, माझ्या बायकोनं ती दिली म्हणून मी टिकलो. काही ठिकाणी गट पडलेले असतात, दिग्दर्शकाच्या मर्जीतलेच पुढे जातात. शिकवणं असं वेगळं होत नाही. कुणी तासाला येऊन आवाजाचा अभ्यास घेत नाही, ज्याचं त्यानं बघून उचलायचं. दिग्दर्शकाची एखादी लकब सगळ्या नटांच्या अंगात उतरते आणि पुढे ती काढणं जड जातं. आपल्याला कोण शिकवतंय याला म्हणूनच इथे क्लासपेक्षा जास्त महत्त्व आहे.

आणि कॅमेऱ्यासमोर नाटकाची सवय आड येते, हा आक्षेप अगदी बरोबर आहे. मालिकेत मला पहिलं काम मिळालं ते चार वाक्यांचं, बँकेतल्या अधिकाऱ्याचं. पहिल्या टेकला मी शेवटच्या रांगेसाठी बोललो. साउंडवाल्यानं हेडफोन कानावरून बाजूला केला. दुसऱ्या टेकला आवाज खाली आणला तर हात तसेच मोठे राहिले. तिसऱ्याला जमलं, आणि ते क्लासमध्ये शिकलेल्या गोष्टींमुळे जमलं. पण त्याच प्रवेशात समोरचा नट बोलत असताना दिग्दर्शकांनी माझी रिॲक्शन घेतली तेव्हा एकही रीटेक झाला नाही. मी काही करत नव्हतो, त्याचं ऐकत होतो. एपिसोडमध्ये माझ्या चारपैकी दोन वाक्यं कापली गेली, ती रिॲक्शन राहिली.

यावरून माझं मत असं झालं की कॅमेऱ्याचं तंत्र काही आठवड्यांत अंगवळणी पडतं. आवाज कमी करणं, हालचाल लहान करणं, मार्क धरणं, हे कुणी सांगितलं की कळतं आणि चार-पाच दिवसांच्या कामात बसतं. समोरच्याचं ऐकणं असं बसत नाही. त्याला तालमीच लागतात, पुष्कळ लागतात, आणि एवढ्या तालमी फी भरून मिळत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर क्लासला माझा जवळजवळ दीड महिन्याचा पगार गेला. संस्थेत वर्गणी नाममात्र होती, मात्र कॉस्च्यूम, प्रवास आणि सगळ्यांचा चहा यात हळूहळू बरेच जातात.

ज्याला लगेच ऑडिशनला उभं राहायचंय, जो मुंबईत मुक्काम टाकून बसलाय आणि ज्याच्याकडे सहा-आठ महिन्यांचीच मुदत आहे, त्यानं क्लास करावा. तिथे कामांची माहिती कळते, ओळखी होतात, शोरील, म्हणजे आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ, तयार होते. त्याच्यासाठी मी संस्थेचा हट्ट धरणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी एक तास बसून बघू द्या म्हणावं, आणि दोघांचे प्रवेश होतात का ते बघावं. बसू देत नसतील तर दुसरा क्लास शोधावा. बाकी ज्याच्या हातात दोन वर्षांच्या संध्याकाळी आहेत त्यानं आधी संस्था गाठावी आणि कॅमेऱ्याची एखादी छोटी कार्यशाळा नंतर करावी. मी उलट्या क्रमानं गेलो, त्यात माझं एक वर्ष वाया गेलं असं मला वाटतं.

कॉलेजात असाल तर हा विचारही नको. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, कॉलेजच्या संघात शिरा, सेट उचलायला ठेवलं तरी शिरा. कॉलेज संपलेल्यांसाठी हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे, ती 1954 पासूनची. तिच्या आधीचे दोन-तीन महिने गावोगावच्या संस्थांना माणसं कमी पडत असतात. कुठे तालीम चालते ते नाट्यगृहाच्या ऑफिसात किंवा बाहेरच्या चहावाल्याला विचारलं तरी कळतं. आधी फोन करा, मग जाऊन मागे बसा. आणि कुणी आलं नसेल, प्रॉक्सीला माणूस हवा असेल, तर वाट न बघता उभे राहा.