बायबल ॲप, २१४ दिवसांचा स्ट्रीक आणि आजीची वचनांची डबी

यूव्हर्जनचं बायबल ॲप मी चारेक वर्षं रोज वापरतेय, आणि आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या पोरांपासून पाळकसाहेबांपर्यंत, म्हणजे पास्टरपर्यंत, सगळ्यांच्या फोनात ते आहेच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. आधीच सांगते, स्टार चांगले देणारे. पण कुरकुर पण बरीच करणारे.

चांगलं आधी. एकदम फ्री. जाहिरात नाही, मधेच 'प्रीमियम घ्या' म्हणून आडवं येणं नाही, द्यायचं तर देणगी द्या एवढंच. ॲपच्या मागे अमेरिकेत ओक्लाहोमाची लाइफ चर्च नावाची ख्रिस्ती मंडळी आहे, खर्च तिच्यावर आणि देणगीवर चालतो. २००७ मध्ये त्यांनी आधी वेबसाइट काढली होती, ती काही चालली नाही, मग जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा पहिल्या दोनेकशे फ्री ॲप्समध्ये हे होतं आणि तीन दिवसांत ८० हजारांवर लोकांनी उतरवून घेतलं. २०२१ मध्ये आकडा ५० कोटींवर गेला. म्हणजे ज्या फोनवर आपण रील्स बघतो त्याच फोनवर बायबल नेऊन ठेवायचं हे या लोकांनी फार लवकर ओळखलं, आपल्याकडे तेव्हा अर्ध्या लोकांकडे कीपॅडवाले फोन होते.

मराठी वाचणाऱ्याला काय मिळतं? बायबल सोसायटीचं आपलं ओळखीचं पवित्र शास्त्र आहे, तेच ते 'तुम्हांला' आणि 'ह्या'वालं, शिवाय सोप्या मराठीतल्या आवृत्त्या आहेत. एखादं वचन दाबून धरलं की दुसऱ्या आवृत्तीशी ताडून बघता येतं, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. बायबलातल्या पत्रांमधली ती लांबच लांब वाक्यं, प्रेषित पौलाची, जुन्या भाषांतरात तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यावरून जातात, सोप्या आवृत्तीत पटकन उलगडतात, मग परत जुन्यात जायचं कारण कानाला तेच बरं लागतं. डाउनलोड करून ठेवलं की रेंज नसली तरी चालतं, नगरला जाताना एसटीत मी असंच वाचते. अक्षर मोठं करता येतं, खुणा करता येतात, नोट्स लिहिता येतात. ऑडिओ सगळ्या आवृत्त्यांना नाही. वाचनाचे प्लॅन मराठीत आहेत पण इंग्लिशच्या मानाने फारच थोडे, आणि जे आहेत त्यातले बरेच भाषांतर केलेले, उदाहरणं सगळी तिकडची, वाचताना समजतं पण आपलं वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा, स्ट्रीक.

ॲप रोज उघडलं की एकेक दिवस मोजत जातं. स्नॅपचॅटवर पोरं करतात ना तेच, भाषा शिकायच्या ॲपमधे असतं ना तेच. गेल्या वर्षी माझा २१४ पर्यंत गेला होता. मामेबहिणीचं लग्न होतं, हळद, जेवणं, पाहुण्यांचे गाद्या-चादरींचे हिशेब, आणि रात्री बारा वाजायला आठ मिनिटं असताना मला आठवलं की आज राहिलंच. मंडपामागे जनरेटरच्या शेजारी उभी राहून, एका हातात खरकट्या पत्रावळ्यांची पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ॲप उघडलं, २१५ झाले, बंद केलं. एक ओळ वाचली नाही. वाचायची गरजच नव्हती, नुसतं उघडलं तरी दिवस धरला जातो. आणि लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं माहितीये, हुश्श. हा दोष ॲपचा म्हणून मी ढकलणार नाही, अंगठा माझाच होता. पण 'तू प्रार्थना करतोस तेव्हा आपल्या खोलीत जा, दार लाव' असं प्रभू सांगतो, आणि इथे मी मनातल्या मनात टाळ्या वाजवून घेत होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नाही उघडलं. शून्य झालं. दोन दिवस रुखरुख होती, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट, आजचं वचन. सकाळी नोटिफिकेशन येतं, वचन असतं, डोंगर नाहीतर सूर्योदयाच्या फोटोवर टाकून स्टेटसला ठेवायची सोय असते. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात वाजेपर्यंत तेच वचन पाच जणांकडून येतं. दरवर्षी ॲपवाले सांगतात की यंदा लोकांनी कुठलं वचन सगळ्यात जास्त शेअर केलं, खुणा करून ठेवलं वगैरे. २०२० मध्ये यशया ४१:१० होतं, 'तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे'. २०२४ मध्ये फिलिप्पै ४:६, चिंताक्रांत होऊ नका. कोविडच्या वर्षात जगभर लोक कुठल्या वचनाला धरून बसले होते ते यातून कळतं, आणि ते वाचून मला खरंच भरून आलं होतं, त्या वर्षी आमच्या घरातही तेच वचन फ्रीजवर चिकटवलेलं होतं. पण जे वचन दिलासा देतं तेच सतत फिरत राहिलं की बाकीच्या पुस्तकाचं काय होतं? स्तोत्र ८८ चा शेवट अंधारातच होतो, तिथे सूर्योदय कुठून लावणार.

सगळ्यात हाल यिर्मया २९:११ चे. 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो'. दहावीचा निकाल, व्हिसाचा इंटरव्ह्यू, नवा फ्लॅट, सगळीकडे हेच. आता जरा वर सरकवून तोच अध्याय वाचा. ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेलं पत्र आहे, त्यात सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण परत यायला ७० वर्षं लागणारेत. सत्तर! म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. हे कळल्यावर वचन लहान होत नाही उलट जड होतं, पण मग ते फ्लॅटच्या पूजे... सॉरी, गृहप्रवेशाच्या पत्रिकेवर छापायला हात अडखळतो. फिलिप्पै ४:१३ चं तसंच, भाचा जिममधल्या फोटोखाली टाकतो, 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे'. बाळा, लिहिणारा पौल तुरुंगात होता, आणि आदल्याच ओळीत म्हणतोय की मला पोटभर खायचं पण माहितीये आणि उपाशी राहायचं पण. बेंच प्रेसबद्दल नाहीये ते.

ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती मॅनिफेस्टेशन करते. ११:११ वाजले की घड्याळाचा स्क्रीनशॉट काढते, वहीत रोज एकच वाक्य लिहिते, युनिव्हर्स देईल म्हणते. मला हसू यायचं. एकदा तिने माझा फोन बघून विचारलं, 'तुझं पण सेमच आहे ना, तुला युनिव्हर्स रोज सकाळी मेसेज पाठवतं?' मी रागाने सांगायला गेले की आमचं तसं नसतं, आम्ही 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणतो, माझ्या नाही. मग आठवलं की सोमवारीच मी आजचं वचन बघून 'चला, आज काम होणार' असं म्हणत घरातून निघाले होते. पेपरातलं राशिभविष्य बघून निघतात तशीच. त्या दिवशी गप्पच बसले.

पण सगळं खापर अमेरिकेतल्या ॲपवर फोडण्यात अर्थ नाही हेही सांगते. आमच्या आजीकडे वचनांची डबी होती, ठोकळ्यासारखी, आत बारीक गुंडाळ्या, चिमटीने एक काढायची. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर अजूनही मंडळीत ताट फिरतं, प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं, ते वर्षाचं वचन. त्या डबीत ईयोबाचा एक शाप नव्हता, संदेष्ट्यांची एक शिवी नव्हती, सगळ्या गोड गोळ्या. म्हणजे हे आपल्यात आधीपासूनच होतं, ॲपने फक्त ती डबी खिशात आणली आणि रोज उघडायला लावली. फरक एकच, आजी डबी उघडायची वर्षातून दोन-चारदा, आणि रोज रात्री काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र मांडीवर घेऊन अध्यायामागून अध्याय वाचायची, गणना आणि लेवीय ही पुस्तकंसुद्धा, वंशावळीसुद्धा, बोट ओळीखाली फिरवत. तिच्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म आणि मरण लिहिलेत, माझाही वार चुकीचा लिहिलाय. तसलं पान ॲपमधे नाही.

आणि केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून सगळंच्या सगळं बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या होत्या, साध्या बायकांना कळावं म्हणून, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात गेली. १९२२ मध्ये त्या वारल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. त्यांनी काही फक्त गोड वचनं निवडून छापली नव्हती.

तर माझं म्हणणं, ॲप ठेवा. पाचपैकी चार स्टार, एक स्ट्रीकचा कापला. नोटिफिकेशन सेटिंगमधे जाऊन बंद करा, मित्रांनी काय हायलाइट केलं तेही बघू नका, प्लॅन घ्यायचाच तर एकेक पूर्ण पुस्तक वाचायचा घ्या. तुलना करायची सोय मात्र वापराच, तेवढ्यासाठी हे ॲप सोन्यासारखं आहे.

मम्मीला आता बारीक अक्षर दिसत नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी फोनवर अक्षर मोठं करून तिला वाचून दाखवते, सध्या बायबलातलं रूथचं पुस्तक चालू आहे, चारच अध्याय आहेत पण आम्ही एकावेळी एकच घेतो. गेल्या रविवारी तिसरा झाला, नामी सुनेला, म्हणजे रूथला, म्हणते स्वस्थ बस, बवाज तुझ्या लग्नाचं काय करतो ते बघू, तिथे मी थांबले. मम्मी डोळे मिटूनच म्हणाली, 'मग बवाज गेला का वेशीवर?' म्हटलं तुला माहितीये की. म्हणाली, 'माहितीये गं, तरी वाच.'