आठ महिने फक्त अख्खं जिरं वापरतेय, चव पास, पण त्या खड्याचं काय?

काल संध्याकाळी नवीन पाव किलो जिरं निवडायला घेतलं आणि परत तसाच खडा निघाला, जिऱ्याच्याच रंगाचा, जिऱ्याएवढाच लांब. म्हणून आज लिहूनच टाकते.

एप्रिलपासून आमच्याकडे जिऱ्याची तयार पूड येणं बंद आहे. कारण साधं, 100 ग्रॅमचं पाकीट फोडलं की पहिले पंधरा दिवस बरं असायचं आणि नंतर नुसती तपकिरी पावडर. जिऱ्याचा वास म्हणजे त्यातलं तेल, ते असतंच जेमतेम तीन-चार टक्के आणि एकदा दळलं की भराभर उडून जातं. म्हणजे आपण पैसे वासाचे देतो आणि अर्ध्या पाकिटानंतर खातो भुसा. मग ठरवलं की अख्खंच आणायचं, लागेल तसं भाजायचं, खलबत्त्यात कुटायचं. पहिला अर्धा किलो एका मोठ्या कंपनीचं पॅकबंद घेतलं, दुकानातल्या सुट्ट्यापेक्षा 45 रुपये जास्त देऊन, कारण वर लिहिलेलं होतं की स्वच्छ केलेलं आहे.

चवीचं आधी सांगते, त्यात काही वादच नाही. ताकात, मठ्ठ्यात, खमंग काकडीत ताजं भाजून भरड कुटलेलं जिरं घातलं की पूड परत घ्यावीशी वाटत नाही. भाजताना मंद गॅस, तीन-चार मिनिटं, रंग एक छटा गडद झाला की लगेच ताटात काढायचं, कढईत ठेवलं की पुढे भाजत राहतं. फोडणीतपण तेच. माझं कढलं लोखंडी आहे, गॅस बंद केला तरी ते तापलेलंच असतं आणि मोहरी तडतडल्यावर घातलेलं जिरं पाच-सहा सेकंदांत फुलतं, त्यापुढे काळं पडून कडू होतं, म्हणून हिंग-हळद आधीच हाताशी काढून ठेवते आणि फोडणी तशीच आमटीवर ओतते. उपवासाला तर मोहरी नसतेच, तूप-जिरं-मिरची एवढ्यावरच सगळी खिचडी उभी असते, तिथे जिरं चांगलं नसेल तर लपवायला जागा नाही. (शहाजिरं वेगळं हां, ते गोड्या मसाल्यात, इथे त्याचा विषय नाही.)

आता मुद्द्याचं. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली होती. बाबा, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या घासाला थांबले, तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि काही न बोलता उरलेली खिचडी खाल्ली. मी ताट उचलताना बघितलं तर बारीक खडा. संध्याकाळी कळलं की दाढेची कॅप तुटलीय. नवीन कॅपचे 5,500 रुपये झाले. पैशांचं सोडा, माणूस आठवडाभर मऊ भात खात होता आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणत होता की कॅप जुनीच झाली होती.

पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. त्यांनी बॅच नंबर विचारला. पाकीट फोडून जिरं बरणीत भरलेलं आणि पाकीट कधीच कचऱ्यात गेलेलं. मी म्हटलं खडा आहे, बिल आहे, जिरं आहे, फोटो पाठवते, तर तीन वेळा वेगवेगळ्या माणसांनी तेच विचारलं, बॅच नंबर सांगा मॅडम. शेवटी सव्वा महिन्याने 100 रुपयांचं कूपन आलं, त्यांचाच माल घ्यायचं. मी ते वापरलं नाही. तुम्हाला एवढंच सांगते की कुठलंही पॅकबंद धान्य-मसाला बरणीत भरलात तर पाकिटाचा बॅच आणि तारखेचा तुकडा कापून बरणीत टाका. मी आता प्रत्येक बरणीत टाकते.

जुलैमध्ये मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की अख्खं जिरं घेऊच नका. तेव्हा इतका राग होता की उरलेलं सगळं जिरं टाकून द्यायला निघाले होते, आईने फोनवर थांबवलं, म्हणाली अगं, टाकतेस कशाला, निवड की. मग एका दुपारी निवडायला बसले. स्टीलच्या ताटात काही दिसत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं, चकाकी मारते. पांढरा कागद अंथरून, खिडकीपाशी, चिमूट चिमूट पसरून. बरणीत साधारण 300 ग्रॅम उरलं होतं, त्याला अर्धा तास लागला. निघालं काय, तर चार ग्रॅम काड्या, दोन खडे आणि चिमूटभर माती. वजनकाट्यावर मोजलंय, अंदाजाने सांगत नाही. आणि हे 45 रुपये जास्त देऊन घेतलेल्या मालात!

या काड्या जाता जात नाहीत याचं कारण नंतर समजलं. जिरं बडीशेप, ओवा, कोथिंबिरीच्याच कुळातलं, फुलोरा छत्रीसारखा, आणि काडी म्हणजे त्या छत्रीचाच बारीक देठ. झाड अख्खं काढून वाळवून झोडपतात, त्यात देठ मोडून दाण्यात येतात. जाडी दाण्याएवढीच, मग चाळणीत दोन्ही एकत्रच वर राहतात. सुपात पाखडायला जावं तर जिरंच हलकं, काड्यांबरोबर अर्धे दाणे उडतात. म्हणजे चाळणीने माती जाते, बाकी हातानेच.

सप्टेंबरपासून मी नाक्यावरच्या वाण्याकडून सुटं घेतेय. त्यांना मी सरळ विचारलं की काका, काड्या इतक्या का. ते म्हणाले, "वहिनी, हा मशीन क्लीन माल आहे. सॉर्टेक्स पाहिजे तर किलोमागे साठ रुपये जास्त. पण वास घेऊन बघा आणि मग सांगा." (मशीन क्लीन म्हणजे मशीनने चाळून साफ केलेला, सॉर्टेक्स म्हणजे त्यापुढे कॅमेऱ्याच्या मशीनने रंग बघून नको ते बाजूला काढलेला.) दोन्ही तळहातावर चोळून बघितले. सॉर्टेक्स दिसायला सुंदर, एकसारखा, पण वास मंद. मशीन क्लीनचा वास हाताला जेवणापर्यंत राहिला. सॉर्टेक्स म्हणजे वाईट असं नाही, ते पोतं जुन्या मालाचं होतं एवढंच. नवीन जिरं फेब्रुवारी-मार्चपासून गुजरात-राजस्थानातून ऊंझ्याच्या, म्हणजे गुजरातमधल्या जिऱ्याच्या मोठ्या बाजारात यायला लागतं. पाकिटावर मात्र पॅकिंगची तारीख असते, पीक कधीचं ते नसतं. तारीख बघून ताजं म्हणून घेतलं हीच माझी चूक होती, एप्रिलमध्ये. सुट्यात निदान चोळून बघता येतं. चोळल्यावर बोटं काळी झाली तर मात्र तिथेच परत करा, कोळशाची भुकटी लावून गवताचं बी मिसळतात, अन्नसुरक्षेवाल्यांनीही हीच चाचणी सांगितलीय.

हिशेब करायचा तर पाव किलोला तीन-चार ग्रॅम काड्या, म्हणजे रुपया-सव्वा रुपया. त्यासाठी पंधरा रुपये जास्त देऊन वास कमी घ्यायचा हे मला पटत नाही. 2023 मध्ये ऊंझ्यात क्विंटलचा भाव 60,000 च्या वर गेला होता, तेव्हा आम्ही 50 ग्रॅमच्या पुड्या आणायचो, त्यामानाने आता स्वस्ताई आहे. पण काड्यांचं एक वेळ सोडा, खड्याचं सोडता येत नाही. जो माल स्वच्छ म्हणून विकता त्यात दगड कसा राहतो? दगड तर जिऱ्यापेक्षा कितीतरी जड, तो वेगळा काढणारी मशीन गिरणीत असतात.

पाव किलोच्या वर आणू नका, विशेषतः आमच्यासारख्या डोंबिवलीच्या पावसात. ऑगस्टमध्ये मसाल्याच्या डब्यातलं जिरं मऊ पडलं होतं. रोज गॅसशेजारी वाफेत डबा उघडतो, त्यात दोन चमचेच ठेवायचं, बाकी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, कपाटात.

निवडायचं काम आता बाबांनी स्वतःकडे घेतलंय. महिन्यातून एकदा चष्मा पुसून, पांढरा कागद घेऊन खिडकीत बसतात, मला हात लावू देत नाहीत. कालचा खडा त्यांनाच सापडला, बोटाच्या टोकावर धरून स्वयंपाकघरात दाखवायला घेऊन आले.