दत्तकाची ऑर्डर: कोर्टातली बरी की कलेक्टरची?

आधी दत्तकाची ऑर्डर कोर्ट द्यायचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात दोन महिन्यांत निकाली काढा असं लिहिलेलं होतं, पण कोर्टातले दोन महिने म्हणजे किती ते आपल्याला माहितीच आहे 😅 आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याकडे बाळ घरी आलं, रांगायला लागलं, तरी लसीच्या कार्डावर संस्थेने ठेवलेलंच नाव, कारण ऑर्डर नाही म्हणजे नवीन जन्मदाखला नाही, आणि दर तारखेला वकिलाचा फोन, "पुढची तारीख मिळालीये".

मग २०२१ ला कायदा बदलला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. वकिलाची फारशी गरज नाही, फेऱ्या कमी, हे चांगलंच झालं. पण कलेक्टर साहेबांकडे निवडणूक, पूर, दुष्काळ, व्हीआयपी दौरे सगळंच असतं, त्यात दत्तकाची फाईल कितवी? शिवाय मुलाचं कायमचं नातं ठरवायचं तर न्यायाधीशाची नजर हवी असंही बऱ्याच जणांना वाटतं, आता अपीलसुद्धा विभागीय आयुक्तांकडे, तेही ३० दिवसांत करायचं, म्हणजे पहिल्या दोन्ही पायऱ्यांवर न्यायाधीश नाहीच. २०२३ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने चालू केसेस कलेक्टरकडे पाठवायला स्थगिती दिली होती ते याच गोंधळात.

मला विचाराल तर साध्या केसला कलेक्टरच बरा. वाद असेल, आईवडील कोण यावरून भांडण असेल, तर मात्र कोर्टच पाहिजे बाबा.